गर्भिणी-परिचर्या, मध्य त्रैमासातील
गर्भावधीच्या सुमारे तेराव्या ते सत्ताविसाव्या आठवड्यांपर्यंतच्या काळास मध्य त्रैमास म्हणतात. या काळात मळमळ बहुधा ओसरलेली असते आणि प्रसूती दूर असते. स्त्रीला बरे वाटत असल्यामुळे तपासणीची निकड भासत नाही. म्हणूनच हा काळ दीर्घकाळ वैद्यकापेक्षा घरातील आचारांच्या स्वाधीन राहिला.

सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते असे मानून गर्भिणीस ‘दौहृदिनी’ (दोन हृदयांची) म्हटले आहे. तिची इच्छा अपुरी राहिल्यास अपत्यात व्यंग येते, ही समजूत आज ग्राह्य नाही. तथापि तिला मनाजोगते अन्न मिळावे हा त्यातून आलेला व्यवहार हितकरच होता. डोहाळजेवणाची प्रथा याच परंपरेतील होय.

कल्याणच्या जोशी घराण्यातील आनंदीबाई जोशी (1865–87) यांना वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा झाला. तो दहा दिवसांतच दगावला. पुढे पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून 1886 मध्ये त्यांनी एम्. डी. पदवी घेतली. प्रबंधाचा विषय त्यांनी निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा. भारतात परतल्यावर अल्पावधीतच क्षयाने त्यांचे निधन झाले.

त्या काळी वैद्याजवळही गर्भिणीचा रक्तदाब सहज मोजण्याचे साधन नव्हते. रीव्हा-रॉत्ची यांचे रक्तदाबमापक 1896 मध्ये पुढे आले. लघवीतील प्रथिन व प्रसूतिकाळातील झटके यांचा संबंध 1843 मध्येच दिसला होता. पण निरोगी दिसणाऱ्या स्त्रीला ठराविक वेळी तपासावे, हा विचार रुजण्यास विसावे शतक उजाडले. एडिंबरो येथे बॅलंटाइन यांच्या प्रयत्नांनी 1901 मध्ये गर्भिणींसाठी रुग्णालयात एक खाट राखली गेली. ब्रिटनमध्ये 1929 साली सोळाव्या, चोविसाव्या व अठ्ठाविसाव्या आठवड्यांतील तपासण्यांचे वेळापत्रक ठरले.

भारतात 2016 पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानानुसार दरमहा 9 तारखेस शासकीय केंद्रांत चौथ्या महिन्यापासूनच्या गर्भिणींची विनामूल्य तपासणी होते. वजन, रक्तदाब, रक्तातील हीमोग्लोबिन व लघवी तपासतात. पोटावरून गर्भाची वाढ अजमावतात. रक्तक्षय टाळण्यासाठी दुसऱ्या त्रैमासापासून 60 मिग्रॅ. लोह व फॉलिक अम्ल यांची गोळी रोज, 180 दिवस देतात. चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यांत रक्तशर्करेची चाचणी करतात. पहिलटकरणीस गर्भाची हालचाल बहुधा अठराव्या ते विसाव्या आठवड्यांत जाणवते. त्याच सुमारास सोनोग्राफीने गर्भातील व्यंगे पाहतात. या तंत्राचा लिंगनिदानासाठी दुरुपयोग होऊ लागल्याने महाराष्ट्राने 1988 मध्ये प्रसूतिपूर्व निदानावर निर्बंध घालणारा कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये झाला.