वेठ, वतन आणि 'अनुभव'

माझी भाची कोपरला राहते. खाली मुंबईची लाइन, वर वसईची, आणि रुळांच्या आवाजात तिची चाळ. पोरीने चित्रकलेची पदविका घेतली. बाप एमआयडीसीत कंत्राटी कामगार. मागच्या महिन्यात मुंबईतल्या एका नव्या वळणाच्या कलासंस्थेचं तिला पत्र आलं. सहा महिने काम, दहा ते सात. पगार नाही. रेल्वेच्या पासाचे पैसेसुद्धा नाहीत. ह्याला ते इंटर्नशिप म्हणतात.

"मामा, ते म्हणतात अनुभव मिळेल."

म्हटलं, पोरी, हा अनुभव आपल्या घरात पिढ्यानपिढ्या साठलाय. तुझ्या पणजोबाने जन्मभर दुसरं काय घेतलं?

मित्रांनो, चेष्टा नाही. इतिहास बघा. महार वतन १८७४ च्या वतन कायद्याखाली होतं. सरकारचा सांगावा, साहेबाचं ओझं, गावाची राखण, सगळं महाराकडे. चोवीस तास बांधलेला. तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचं. बदल्यात इनामाचा तुकडा आणि बलुतं. गावाने त्याला 'मान' म्हटलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात दुरुस्तीचं बिल मांडलं आणि ह्या मानाचा हिशेब मागितला. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्याने. तोवर संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला बंदी घातली होती.

आता कलेकडे या. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार'ने प्रायोगिक नाटकांना जागा दिली. त्या रंगभूमीला मी कमी लेखत नाही. पण ती चालली हौसेवर आणि पदरमोडीवर. दिवसा नोकरी करायची, संध्याकाळी तालमीला यायचं. दिवसाच्या पोटाची सोय होती म्हणून संध्याकाळ फुकट देता आली. ज्याची रात्रपाळी, ज्याला ओव्हरटाइम सुटत नाही, त्याने काय करावं? दाराला कुलूप नव्हतं. पण आत जायला रिकामी संध्याकाळ लागत होती. आणि जो आत गेलाच नाही, त्याचं नाव कुठल्या पत्रिकेवर शोधणार?

तेव्हा संध्याकाळ लागायची. आज अख्खा दिवस मागतात.

कुणी म्हणेल, आपले जलसेवाले तरी काय पगारी होते? बरोबर. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती गावोगाव आंबेडकरी जलसे करीत हिंडले. पैशासाठी नाही. पण ते कुणाच्या दारात शिकायला म्हणून राबत नव्हते. काम त्यांचं, बोल त्यांचे, ऐकणारी माणसंही त्यांचीच. आपण होऊन देणं वेगळं आणि दारात शिरायची किंमत म्हणून द्यायला लागणं वेगळं. पहिल्याला दान म्हणा. दुसऱ्याला वेठच म्हणायचं.

१९८२ साली सुप्रीम कोर्टाने एशियाड कामगारांच्या खटल्यात सांगितलं की गरजेपोटी किमान वेतनाहून कमी पैशात राबणं हीसुद्धा सक्तीची मजुरी. पाठीवर चाबूक लागतोच असं नाही, पोटाची भूकही सक्ती करते. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा कारखान्यातल्या पोराला विद्यावेतन देतो. रंग कालवणाऱ्या, खिळे ठोकणाऱ्या, चित्रं भिंतीवर चढवणाऱ्या पोरीला ह्या संस्था देतात काय? प्रशस्तिपत्र.

भाचीने उलट पत्र लिहिलं. काम करीन, पास आणि वेतन द्या. उत्तर आलेलं नाही.

दर रविवारी ती कोपरच्या विहारात लहान पोरांना चित्रं काढायला शिकवते. फुकट. मी विचारलं, हे कसं चालतं तुला?

"मामा, इथं मी कधीही नाही म्हणू शकते. म्हणून मी येते."

मित्रांनो, तुमच्या हातात असं पत्र पडलं की आधी एवढंच विचारा: मला नाही म्हणता येतं का? आणि मी नाही म्हटलं, तर माझ्या जागी कुणाचं पोरगं जाऊन बसणार आहे?