होडीच्या दुरुस्तीचे बिल अंदाजापेक्षा वाढले तर…

बुरूज बांधू इच्छिणाऱ्या मनुष्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असा दाखला प्रभू येशूने दिल्याचे लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात आपण वाचतो. हिशेब न करता पाया घातला तर काम अर्धवट राहते आणि लोक हसतात. परंतु हिशेब करूनही खर्च वाढला तर काय करावे? होडीच्या दुरुस्तीत हा प्रश्न हमखास उभा राहतो. मालक म्हणतो, "चाळीस हजार ठरले होते." मिस्त्री म्हणतो, "आत काय निघाले ते तुम्ही पाहिले नाही." दोघेही कष्टकरी असतात आणि बहुधा दोघेही प्रामाणिक असतात. तरीही वर्षानुवर्षांचे संबंध एका बिलावरून तुटतात. अशा वेळी न्याय, कायदा आणि ख्रिस्ती विवेक काय सांगतात, याची माहिती एकत्रितपणे येथे देत आहोत.

जलाशयातील होडी

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही येथे होड्या आहेत. पैनगंगेवरील येळगाव व पेनटाकळी, मोताळा तालुक्यातील नळगंगा, देऊळगाव राजा परिसरातील खडकपूर्णा या जलाशयांवर मासेमारी चालते. भोई समाजातील व इतर अनेक कुटुंबांचा उदरनिर्वाह तिच्यावर होतो. मच्छीमार सहकारी संस्था ठेक्याने मासेमारीचा हक्क घेतात आणि सभासद आपापल्या जाळ्यांनी व होड्यांनी मासे पकडतात. अमरावती धर्मप्रांताच्या या भागात कॅथॉलिक कुटुंबे थोडी आहेत. मात्र वसई, अर्नाळा, उत्तन येथील आपल्या ख्रिस्ती कोळी बांधवांनाही हाच प्रश्न मोठ्या रकमांच्या रूपाने भेडसावतो. त्यामुळे पुढील विवेचन दोहोंना उपयोगी पडावे.

दुरुस्तीचा काळ दोन्हीकडे ठरलेला असतो. किनारपट्टीवर १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात नौका ओढून घेतल्या जातात. जलाशयांवर उन्हाळ्यात पाणी ओसरले की होडी काठावर येते आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी ती तयार व्हावी लागते. म्हणूनच वाढलेल्या बिलाचा वाद केवळ पैशाचा राहत नाही. वाद लांबला तर हंगाम जातो आणि हंगाम गेला तर घरातील चूल अडचणीत येते.

अंदाज का चुकतो?

मिस्त्री अंदाज देतो तो बाहेरून पाहून. लाकडी होडीची फळी वरून धड दिसते, पण खिळे उपसल्यावर आतील आडवे लाकूड कुजलेले आढळते. एक फळी काढावी तर शेजारचीही खिळा धरीत नाही. समुद्रात लाकूड पोखरणारे किडे असतात; गोड्या पाण्यात ओल आणि बुरशी हेच काम सावकाश करतात. फायबरच्या होडीत तडा लहान दिसतो, पण तासून पाहिले असता थरांमध्ये पाणी मुरलेले निघते. इंजिन तर उघडल्याशिवाय कळतच नाही.

दुसरे कारण मालाच्या भावाचे. अंदाज फाल्गुनात दिला आणि काम वैशाखात सुरू झाले, तर लाकूड, राळ, रंग यांचे दर तेच राहतील असे नाही. तिसरे कारण मात्र मालकाकडेच असते. काम चालू असताना "आता हेही करून टाका" असे तो सहज म्हणतो आणि बिल येते तेव्हा ते विसरतो.

याशिवाय कधी कधी काम मिळवण्यासाठी मुद्दाम कमी अंदाज सांगितला जातो आणि होडी उघडी पडल्यावर रक्कम वाढवली जाते. पहिल्या तीन कारणांत दोष असलाच तर निष्काळजीपणाचा आहे. चौथ्यात फसवणूक आहे. बिल वाढले म्हणजे फसवणूकच झाली, असे गृहीत धरणे हा मिस्त्रीवर अन्याय ठरेल.

काम सुरू होण्यापूर्वी

अंदाज आणि ठरलेली किंमत या दोन भिन्न गोष्टी आहेत. "साधारण चाळीस हजार लागतील" हा अंदाज झाला. "चाळीस हजारांत करून देतो" हा करार झाला. आपण कोणते बोललो हे दोघांनी आधीच स्पष्ट करावे. वहीच्या एका पानावर पुढील गोष्टी लिहून दोघांनी सह्या कराव्यात :

१. कोणकोणती कामे करायची. फळ्या, सांधे भरणे, रंग, इंजिन यांची रक्कम वेगवेगळी लिहावी.
२. माल कोण आणणार आणि कर धरून रक्कम आहे की वेगळी.
३. मजुरी रोजावर की एकरकमी.
४. इसार किती दिला, बाकी कधी द्यायची.
५. काम कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होणार.
६. अंदाजापेक्षा किती रक्कम वाढल्यास काम थांबवून विचारायचे. दहा टक्के ही मर्यादा व्यवहारात सोयीची ठरते.

सहावे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. बहुतेक भांडणे रक्कम वाढली म्हणून होत नाहीत; ती न सांगता वाढली म्हणून होतात.

काम चालू असताना

कुजलेले लाकूड सापडले की मिस्त्रीने काम थांबवावे, मालकाला बोलवावे, दाखवावे आणि नवा आकडा सांगावा. मालक दूर असल्यास भ्रमणध्वनीवर छायाचित्र पाठवून लेखी होकार घ्यावा. काढलेली फळी किंवा बदललेला सुटा भाग फेकून न देता मालकाच्या हवाली करावा. त्याहून चांगला पुरावा नाही. मालकानेही आठवड्यातून एकदा तरी होडीपाशी जाऊन यावे.

बिल हाती आल्यावर

प्रथम रागाने बोलू नये आणि रागाने पैसेही फेकू नयेत. कामवार बिल मागावे. मग त्यातील रकमा तीन गटांत विभागाव्यात. समजा, अंदाज ४०,००० रुपयांचा होता आणि बिल ६१,५०० रुपयांचे आले.

पहिला गट ठरलेल्या कामाचा : ४०,००० रुपये. ही रक्कम निर्विवाद आहे.

दुसरा गट विचारून केलेल्या जादा कामाचा. आतील कुजलेले लाकूड दाखवले गेले आणि मालकाने होकार दिला : ९,५०० रुपये. हेही द्यावेच लागते. तोंडी होकार हाही होकारच होय.

तिसरा गट न विचारता केलेल्या कामाचा. इंजिनाची बैठक बदलली, ७,००० रुपये; संपूर्ण होडीला नवा रंग दिला, ५,००० रुपये. वाद एवढ्या १२,००० रुपयांपुरताच आहे.

पहिल्या दोन गटांचे ४९,५०० रुपये, इसार वजा करून, तत्काळ द्यावेत व पावती घ्यावी. बारा हजारांसाठी सर्व रक्कम अडवणे न्याय्य नाही. तिसऱ्या गटाबाबत एकच प्रश्न विचारावा : हे काम गरजेचे होते काय? बैठक खरोखरच मोडकळीस आली असेल आणि मालक ती आता वापरणार असेल, तर माल व वाजवी मजुरी देणे योग्य. दुसऱ्याने फुकट करण्याच्या हेतूने न केलेल्या कामाचा लाभ स्वीकारणाऱ्याने मोबदला द्यावा, हे तत्त्व भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० मध्ये आहे. रंगाची गरज नसेल आणि तो सांगितलाही नसेल, तर मालकाने तसे स्पष्ट सांगावे. मिस्त्रीने ती रक्कम सोडावी किंवा केवळ मालाचा खर्च घ्यावा. तडजोड झाल्यावर "आता देणेघेणे उरले नाही" असे लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

होडी अडवून ठेवता येते काय?

वस्तू दुरुस्तीसाठी ताब्यात दिली असेल आणि काम ठरल्याप्रमाणे पूर्ण झाले असेल, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःकडे ठेवण्याचा हक्क कारागिराला त्याच कायद्याच्या कलम १७० ने दिला आहे. मात्र उधारीची मुदत आधीच मान्य केलेली असल्यास हा हक्क राहत नाही. तसेच तो त्याच वस्तूवरील कामाच्या मजुरीपुरता आहे. मागच्या वर्षीच्या बाकीसाठी यंदाची होडी अडवता येत नाही.

आपल्या जिल्ह्यात बहुधा मिस्त्रीच काठावर येतो आणि होडी मालकाच्याच ताब्यात राहते. तेव्हा मिस्त्रीच्या हाती काहीच तारण नसते. मजुरीसाठी दिवाणी दावा तीन वर्षांच्या मुदतीत करता येतो, पण रोजंदारीवरचा माणूस न्यायालयाची पायरी किती वेळा चढणार? म्हणून अशा ठिकाणी मालकाची नैतिक जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते.

दाद कोठे मागावी?

प्रथम मच्छीमार संस्थेचे पदाधिकारी किंवा दोघांना मान्य असलेला दुसरा जाणकार मिस्त्री यांच्याकडून काम पाहून घ्यावे. तेथे न मिटल्यास जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. दावा दाखल होण्यापूर्वीचे वादही लोकअदालतीत मिटवता येतात. तेथील निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही.

सेवेत उणीव असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा या कायद्याबाहेर आहे. म्हणून आपण स्वतः होडी वल्हवून केवळ पोट भरतो, ही गोष्ट तक्रारीत स्पष्ट मांडावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

वाढीव रक्कम भरण्यासाठी परवाना नसलेल्या सावकाराकडे मात्र जाऊ नये. मिस्त्रीशी हप्ते ठरवणे किंवा संस्थेकडून उचल घेणे अधिक सुरक्षित.

ख्रिस्ती विवेक

'कॅथॉलिक चर्चचे धर्मशिक्षण' या १९९२ च्या ग्रंथात सातव्या आज्ञेचा अर्थ व्यापक केला आहे. दुसऱ्याच्या अज्ञानाचा वा अडचणीचा फायदा घेऊन किंमत चढवणे, निकृष्ट काम करणे, खोटी बिले करणे आणि अन्यायकारक मजुरी देणे, ही सर्व कृत्ये त्या आज्ञेचा भंग ठरतात (परिच्छेद २४०९). न्याय्य करार कसोशीने पाळावेत, असेही पुढच्याच परिच्छेदात शिकवले आहे. म्हणजे हंगाम तोंडावर आला म्हणून रक्कम चढवणारा मिस्त्री आणि होडी पाण्यात गेली म्हणून मजुरी बुडवणारा मालक एकाच आज्ञेपुढे दोषी आहेत. रोखून धरलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते, हा संत याकोबाचा इशारा पाचव्या अध्यायात आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोवारूम' या परिपत्रकात मजुराच्या न्याय्य वेतनाचा आग्रह धरला आहे.

प्रभूने याकोब व योहान यांना हाक मारली तेव्हा ते वडिलांसह नावेत जाळी दुरुस्त करीत होते. दुरुस्ती हे हलके काम नाही. पाण्यावर जाणाऱ्याचा जीव तिच्यावर अवलंबून असतो. ज्याच्या हातांवर भरवसा ठेवून आपण खोल पाण्यात जातो, त्याच्याशी हिशेबही भरवशाने आणि लिहून करावा. पुढच्या वर्षी होडी पुन्हा काठावर येईल, तेव्हा मालकाने त्याच मिस्त्रीला निःसंकोच बोलवावे आणि त्यानेही आनंदाने यावे, एवढे जरी साधले तरी वाद न्यायाने मिटला असे समजावे.