जुन्या वाड्यात मुक्काम : 'हेरिटेज हॉटेल' म्हणजे नेमके काय?

पावसाळा आला की जुन्या नाशिकमध्ये वाडा कोसळल्याच्या बातम्या येऊ लागतात. महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. पण हिस्सेदार अनेक, भाडेकरू जुने आणि भाडे नाममात्र, त्यामुळे दुरुस्ती कोणी करायची हा प्रश्न तसाच राहतो. दुसरीकडे अशाच जुन्या वास्तूंत एक रात्र काढण्यासाठी पर्यटक चांगले पैसे मोजतात.

हेरिटेज हॉटेल कशाला म्हणतात?

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत १९५० पूर्वी बांधलेले वाडे, हवेल्या, गढ्या, किल्ले आणि राजवाडे यांत येतात. वास्तूचे मूळ रूप टिकलेले असणे ही मुख्य अट. नव्या इमारतीला लाकडी खांब आणि कमानी लावल्याने ती 'हेरिटेज' होत नाही.

महाराष्ट्र-गोव्यात अशी ठिकाणे कोणती?

सासवडजवळचा जाधवगड ही पिलाजी जाधवराव यांनी १७१० मध्ये बांधलेली गढी. आज तिथे हॉटेल आहे. सावंतवाडीच्या राजवाड्याच्या आवारात पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये पोर्तुगीजकालीन घरांत राहता येते.

नाशिकमध्ये काय आहे?

सराफ बाजारालगतचा पेशवेकालीन सरकारवाडा राज्य संरक्षित स्मारक आहे. चांदवडला अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे. पण ही स्मारके पाहण्यासाठी आहेत, मुक्कामासाठी नाहीत. यात्रेकरूंची खरी सोय पंचवटी आणि त्र्यंबकेश्वरच्या धर्मशाळांनी पिढ्यान् पिढ्या केली. २०२७ च्या सिंहस्थात निवासाची गरज पुन्हा वाढणार आहे.

जुना वाडा उन्हाळ्यात थंड कसा राहतो?

जाड भिंती दिवसाची उष्णता लवकर आत येऊ देत नाहीत. मधल्या चौकातून गरम हवा वर निघून जाते, ओसरी ऊन अडवते. उंच दगडी जोत्यामुळे पावसाचे पाणी आत येत नाही.

मग दुरुस्ती अवघड का?

माती-विटांची भिंत ओल शोषते आणि पुन्हा बाहेर सोडते. चुन्याचा गिलावा तिला तसे करू देतो. सिमेंटचा गिलावा मात्र ओल आत कोंडतो. भिंत भुसभुशीत होते, लाकूड कुजते आणि वाळवी लागते. दर पावसाळ्याआधी कौले चाळावी लागतात. चुन्याचे आणि सागवानी जोडकामाचे जाणकार कारागीर आता मोजकेच उरले आहेत, त्यामुळे खर्च वाढतो.

विरोध कशाला होतो?

सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातील काही किल्ले पर्यटन विकासासाठी भाडेपट्ट्याने देण्याच्या निर्णयावरून मोठा वाद झाला. शिवरायांशी संबंधित संरक्षित किल्ल्यांना हात लावणार नाही, असे सरकारला सांगावे लागले. जी वास्तू लोकांच्या श्रद्धेची आहे, ती लग्नसमारंभाला देणे त्यांना रुचत नाही. राहत्या खासगी वाड्याचा प्रश्न वेगळा आहे : तिथे मालकाला उत्पन्न मिळाले, तर वाडा पाडण्याऐवजी जपण्याचे एक कारण मिळते.

बुकिंग करण्याआधी काय विचारावे?

- मूळ बांधकाम कोणत्या काळातले आणि आपली खोली त्यातच आहे की मागच्या नव्या इमारतीत?
- जिने किती उभे आहेत? घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर तळमजल्यावर खोली मिळेल का?
- पावसाळ्यात खोलीत ओल येते का?
- आग लागल्यास बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? लाकडी वास्तूत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.