पांढऱ्या भाताची किंमत

आजचे तोक्यो शहर एदो या नावाने ओळखले जात होते, त्या काळी तेथे एक चमत्कारिक दुखणे प्रसिद्ध होते. खेड्यातला माणूस चाकरीसाठी शहरात येई. काही महिन्यांत त्याचे पाय बधिर होत, अंगावर सूज चढे, छाती धडधडू लागे. गावी परतला की तो बहुधा बरा होई. लोक त्याला ‘एदोचे दुखणे’ म्हणत. गावी तो जाडेभरडे धान्य खाई आणि शहरात कांडून शुभ्र केलेला तांदूळ. परंतु पांढरा भात ही प्रतिष्ठेची वस्तू. तिच्यावर संशय कोण घेणार?

मेजी राजवटीत हाच रोग, म्हणजे बेरीबेरी, बराकींत आणि जहाजांवर शिरला. भरतीच्या शेतकरीपुत्रांना सरकार रोज सहा गो, म्हणजे सुमारे नऊशे ग्रॅम, पांढरा तांदूळ देई. घरी सणासुदीला मिळणारे अन्न येथे नित्याचे झाले होते. १८८२-८३ च्या सफरीत ‘र्‍यूजो’ या युद्धनौकेवरील ३७६ जणांपैकी १६९ आजारी पडले व २५ दगावले. लंडनमध्ये शिकून आलेले आरमारी वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी १८८४ मध्ये ‘त्सुकुबा’ नौका जवळजवळ त्याच मार्गाने पाठविण्याचा आग्रह धरला; बदलले ते केवळ अन्न. मांस, आटीव दूध, पाव व कडधान्ये देण्यात आली. आजारी पडले पंधराच्या आसपास; मृत्यू एकही नाही. पुढे भातात जव मिसळण्यात आला आणि थोड्याच वर्षांत आरमारातून हा रोग जवळजवळ नाहीसा झाला.

भूदलाने मात्र हा धडा घेतला नाही, आणि त्याचे कारण अज्ञान नव्हते. भूदलाचे वैद्य जर्मनीत शिकलेले होते. कॉख यांनी नुकतेच क्षयाचे व पटकीचे जंतू दाखविले होते. तेव्हा बेरीबेरीचाही जंतू असलाच पाहिजे, असे त्यांना वाटे. शिवाय ताकाकींची मीमांसा चुकीचीच होती. अन्नात प्रथिने कमी पडल्याने रोग होतो, असे ते सांगत. विरोधकांत मोरी रिंतारो होते. मोरी ओगाई या नावाने आधुनिक जपानी साहित्यात अढळ स्थान मिळविलेले लेखक ते हेच. ‘कारण सिद्ध करा, मग उपाय मानू’ असा या पक्षाचा एकंदर पवित्रा होता. तर्काला तो सुसंगत होता; पण रोगी तर्काची वाट पाहत नाही.

१९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात या पवित्र्याचा हिशेब झाला. रणांगणावर सुमारे ४७ हजार जपानी सैनिक पडले; बेरीबेरीने भूदलात अडीच लाखांच्या आसपास आजारी झाले आणि २७ हजारांहून अधिक मेले. आरमारात या रोगाचे रुग्ण अगदी थोडे होते. जव मिसळण्याचा हुकूम भूदलात निघाला तो मार्च १९०५ मध्ये.

खरे कारण दुसरीकडे उलगडत होते. बटाव्हियात आइकमान यांना सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडताना दिसल्या, आणि कोंडा दिल्यावर त्या बऱ्या झाल्या. कोंड्यात काहीतरी आवश्यक द्रव्य असते, ते अन्नात कमी पडते, असे १९०१ मध्ये ग्रेन्स यांनी मांडले. १९२६ मध्ये ते द्रव्य शुद्ध रूपात हाती आले. तेच थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. पिठूळ अन्नापासून शक्ती निर्माण करण्यास शरीराला ते लागते, आणि त्याचा साठा काही आठवड्यांपलीकडे पुरत नाही.

मलायातही ब्रॅडन या डॉक्टरांना एक विलक्षण गोष्ट आढळली होती. पांढरा तांदूळ खाणारे चिनी मजूर बेरीबेरीने मरत. उकडा तांदूळ खाणारे तमिळ मजूर तिच्यापासून बहुतांशी मुक्त राहत. भात उकडताना कोंड्यातील थायमिन दाण्यात मुरते व सडल्यावरही बरेचसे उरते. कोकणातील व गोमंतकातील घरांत उकड्या तांदळाची पेज पिढ्यान्‌पिढ्या होत आली. ती शिजविणाऱ्या बायकांना तिचे कारण ठाऊक नव्हते. ताकाकींनाही नव्हते. पण त्यांनी कोण जगते व कोण मरते, हे नीट मोजून पाहिले. ज्यांच्यापाशी अधिक विद्या होती, त्यांना तेवढे मोजणे पुरेसे वाटले नाही, आणि त्याची किंमत त्या शेतकरीपुत्रांनी दिली.