ऋतूंची शाळा : शांतिनिकेतनातील उत्सव आणि संस्कारांचा प्रश्न

एका तालुक्याच्या गावी मी सत्तावीस वर्षे इतिहास शिकवला. आमच्या शाळेत दरवर्षी जुलैमध्ये वृक्षारोपण होई. पाहुणे येत, भाषण होई, फोटो निघे. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, खड्डा गेल्या वर्षीचाच आहे. मग त्यातलं झाड कुठं गेलं?" मी तिला वर्गात जाऊन बसायला सांगितले. प्रश्न मात्र माझ्यापाशीच राहिला. ऋतूंचे सण शाळेत साजरे केले की मुलांवर संस्कार होतात, हे आपण धरूनच चालतो. ते खरे आहे का, हे निवृत्तीनंतर जरा तपासून पाहावे असे वाटले आणि त्या शोधात मी शांतिनिकेतनापाशी पोहोचलो.

रवींद्रनाथांनी 22 डिसेंबर 1901 रोजी, म्हणजे बंगाली पंचांगातल्या 7 पौषाला, पाचेक मुले घेऊन तेथे शाळा काढली. ऋतूंचा उत्सव त्या शाळेत आला तो मात्र एका मुलाच्या हौसेतून. 1907 च्या वसंत पंचमीला रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा शमींद्र याने सवंगड्यांना जमवून ऋतुउत्सव केला. कोणी वसंत झाले, कोणी वर्षा. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंगेरला कॉलऱ्याने शमी गेला. त्याचे अकरावे वर्षही पुरे झाले नव्हते. मुलाचा खेळ तेथेच संपला असता, तर कोणी नवल केले नसते. पुढच्याच वर्षी, 1908 मध्ये, रवींद्रनाथांनी आश्रमातल्या मुलांसाठी 'शारदोत्सव' हे नाटक लिहिले.

या नाटकाचे कथानक संस्कारांच्या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. शरदाची सुट्टी लागली आहे, मुले रानात हुंदडायला निघाली आहेत. उपनंद नावाचा पोरका मुलगा मात्र पोथी उतरवीत बसला आहे. त्याचे गुरू कर्ज मागे ठेवून वारले आणि ते कर्ज लक्षेश्वर नावाच्या कवडीचुंबक सावकाराचे आहे. ते फेडल्याशिवाय त्याला खेळायचे नाही. संन्याशाच्या वेशात राजा तेथे येतो आणि त्याला या मुलाच्या कामातच शरदाचा खरा उत्सव दिसतो. पावसाने जे दिले ते धरती भाताच्या लोंब्यांनी परत करते. तिची ती परतफेडच आपल्याला सौंदर्य म्हणून दिसते, असा त्यामागचा विचार. पुढे रवींद्रनाथांनी या नाटकाला नवे रूप दिले, तेव्हा नावच 'ऋणशोध' ठेवले. 'प्रामाणिक राहा' असे येथे कोणी मुलांना सांगत नाही. खेळायचे सोडून ऋण फेडणारा मुलगा त्यांच्यातलाच एक जण रंगमंचावर उभा करतो, एवढेच.

दुसरी गोष्ट 1915 ची. दक्षिण आफ्रिकेतून आलेली गांधीजींची फिनिक्सची मुले तेव्हा शांतिनिकेतनात राहत होती. गांधीजी फेब्रुवारीत तेथे आले आणि दोनच दिवसांत गोखले गेल्याची तार आल्याने पुण्याला निघाले. मार्चमध्ये परतल्यावर त्यांनी सुचवले की, पगारी आचारी-नोकर नकोत; मुलांनी आणि शिक्षकांनीच स्वयंपाक व साफसफाई करावी. 10 मार्चला प्रयोग सुरू झाला. पियर्सन त्यात उत्साहाने उतरले. कोणी भाजी चिरू लागले, कोणी धान्य निवडू लागले. भांडी घासणाऱ्यांचा कंटाळा जावा म्हणून काही मुले शेजारी बसून सतार वाजवीत, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. प्रयोग काही काळाने बंद पडला. मात्र 10 मार्च हा दिवस 'गांधी पुण्याह' म्हणून उरला. त्या दिवशी नोकरांना सुट्टी, आणि त्यांची कामे विद्यार्थी व शिक्षक करतात.

माझी खरी अडचण येथे होती. रोजचे स्वावलंबन वर्षातल्या एका दिवसावर आले, याला मूल्य टिकले म्हणायचे की मूल्याचे श्राद्ध? बराच काळ मी दुसऱ्या बाजूचा होतो. पुढे वाटू लागले की, तो एक दिवसही नसता तर उरलेल्या दिवसांची उणीव कोणाला जाणवलीच नसती. उत्सव संस्कार करतो की नाही, ते दुसऱ्या दिवशी सकाळी काय घडते यावर ठरते.

त्या दिवसांत शांतिनिकेतनात एक मराठी माणूस होता. साताऱ्यात जन्मलेले दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर. बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शाळेला घरपण यावे म्हणून शिक्षकांना नात्यांची नावे देत. कालेलकर तेथे 'काका' झाले आणि जन्मभर काकाच राहिले. गांधीजींशी त्यांची भेट शांतिनिकेतनातच झाली. सणांवर त्यांनी पुढे गुजरातीत 'जीवता तहेवारो' आणि मराठीत 'जिवंत व्रतोत्सव' ही पुस्तके दिली. दोन्ही नावांतला 'जिवंत' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. सण मेलेलेही असू शकतात, याची जाणीव त्यात आहे.

1928 च्या पावसाळ्यात शांतिनिकेतनात वृक्षरोपण आणि शेजारच्या श्रीनिकेतनात हलकर्षण असे दोन उत्सव झाले. सजवलेल्या पालखीतून रोप निघाले, पंचमहाभूतांची रूपे घेतलेली मुले सोबत, गाणी, मंत्र. हलकर्षणाला रवींद्रनाथांनी स्वतः नांगर धरला. भद्र घरांतल्या मुलांनी तो पाहावा, हा त्यातला धडा. बीरभूमची ती जमीन लाल, पावसाने चरे पडलेली. तिथले लोक तिला 'खोआई' म्हणतात. अशा जमिनीत झाड लावणे ही गरज होती, शोभा नव्हती. आज शांतिनिकेतनातले वृक्षरोपण रवींद्रनाथांच्या स्मृतिदिनी, 22 श्रावणाला, होते.

आमच्या शाळेच्या आवारात इतक्या वर्षांच्या रोपांपैकी एकच कडुनिंब जगला. तो कसा जगला, ते मला निवृत्तीच्या वर्षी कळले. मे महिन्यात शाळा बंद असताना आमचे शिपाईमामा रोज संध्याकाळी सायकलला कॅन अडकवून पाणी आणत. वृक्षारोपणाच्या एकाही फोटोत ते नाहीत. आम्ही त्यांना खुर्च्या मांडायला पाठवलेले असे. त्या मुलीला आज उत्तर द्यायचे झाले, तर मी तिला आधी त्यांच्याकडे नेईन, आणि मे महिन्यातला एक कॅन तिच्याही हातात देईन. एक माझ्या हातात.