म्हैसूरची अबकारी : मक्त्यापासून लिलावापर्यंत

काही वर्षांपूर्वी प्रशिक्षणाच्या निमित्ताने मी म्हैसूरला गेलो होतो. तेथे एका सरकारी कचेरीवर ‘अबकारी इलाखे’ ही कानडी पाटी वाचली आणि जुने मराठी दफ्तर उघडल्यासारखे वाटले. महाराष्ट्रात या खात्याला आता ‘राज्य उत्पादन शुल्क’ म्हणतात. म्हैसूरने जुना शब्द टिकवला आहे. १८३१ ते १८८१ या काळात म्हैसूर संस्थान इंग्रज कमिशनच्या ताब्यात होते, तेव्हा तेथील दफ्तरात कानडीच्या जोडीने मराठीही चालत असे.

जुनी पद्धत मक्त्याची. ताडी आणि दारू विकण्याचा हक्क सरकार ठरावीक मुदतीसाठी मक्तेदाराला देई. मुदत संपली की तो सरकारकडे परत येई. पुढे १९०१ चा म्हैसूर अबकारी कायदा आला. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा एकाच राज्यात दोन टोके एकत्र आली : म्हैसूरकडे अबकारीचा कायदा, तर बेळगाव-धारवाडकडे मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा. राज्याने १९६५ साली नवा अबकारी कायदा करून ही व्यवस्था एका सूत्रात आणली.

या कायद्याखालील नियमांत किरकोळ दुकानाला ‘सीएल-२’ आणि बारला ‘सीएल-९’ परवाना लागतो. परवान्याचे वर्ष १ जुलैला सुरू होते. परवाना व्यक्तीच्या नावे असतो. परवानगीशिवाय तो दुसऱ्याला देता येत नाही. मात्र परवानाधारकाने अर्ज केला, शुल्क भरले आणि नवी व्यक्ती पात्र असली, तर वरिष्ठांच्या मंजुरीने तो तिच्या नावे करता येतो.

वरकरणी ही तरतूद निरुपद्रवी आहे. परंतु १९९२ पासून या दोन्ही प्रकारांचे नवे परवाने देणे थांबले. लोकसंख्या वाढली, शहरे पसरली, परवान्यांची संख्या मात्र तेवढीच राहिली. साहजिकच जुन्या परवान्याला बाजारभाव आला. सरकारला हस्तांतरणाचे शुल्क मिळते. टंचाईतून निर्माण झालेली खरी किंमत धारकाच्या खिशात जाते.

१९९४ साली खोडे डिस्टिलरीज विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मद्याचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही. मात्र राज्याने तो व्यापार खुला केला, तर पात्र नागरिकांत भेदभाव करता येणार नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने परवाना ही सवलत. व्यवहारात ती वडिलोपार्जित जमिनीसारखी मिळकत झाली.

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी पडून राहिलेल्या परवान्यांचा इलेक्ट्रॉनिक लिलाव करण्याचे जाहीर केले. ते स्वतः म्हैसूर जिल्ह्याचे. मक्त्याची बोली या रूपाने पुन्हा आली. टंचाईची किंमत तिजोरीत जावी, हे मला योग्य वाटते. पण भारी बोली लावणारा ती रक्कम जास्त दारू विकूनच वसूल करणार, आणि त्याचा भार शेवटी मजुराच्या घरावर पडणार, हेही खरे. परवाना संख्येने मर्यादित ठेवण्यामागे दारूचा प्रसार रोखण्याचा हेतू असेल, तर लिलावाचे यश केवळ जमा रकमेवर मोजता येणार नाही. अबकारीचा अधिकारी एका हाताने महसूल वाढवतो आणि दुसऱ्या हाताने व्यसनाला आवर घालतो. मक्त्याच्या काळापासून ही अडचण सुटलेली नाही.