रक्तवाहिनीचा पाटकरी



पाटाला पाणी कितीही असो, आपल्या वावरात ते येते पाटकऱ्याने दार उघडले म्हणजेच. हृदयाच्या पाटावरही असा एक पाटकरी आहे. तो सापडायला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्याचीच हकीकत आज सांगतो.

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याच्या स्वतःच्या गरजेसाठी वेगळ्या वाहिन्या आहेत. आपण स्वस्थ बसलो असता त्यांतून मिनिटाला सुमारे पाव लिटर रक्त वाहते. डोक्यावर ओझे घेऊन चढ चढू लागलो, की त्याच्या चार-पाचपट लागते. इतर स्नायू अशा वेळी रक्तातला प्राणवायू जास्त ओढून घेतात. हृदय मात्र बसल्या जागीही त्यातला बहुतेक भाग काढून घेत असते. तेव्हा वाहिन्या रुंद होणे, हाच त्याला मुख्य उपाय. तेवढे झाले नाही, की छातीत कळ येते.

आता इटलीत जाऊ. तिथल्या तुरीन शहरी 1847 साली सोब्रेरो नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोग्लिसरीन तयार केले. थेंबभर जिभेवर ठेवले, तर डोके भयंकर दुखू लागले. पदार्थ मोठा स्फोटक! त्याच्याच स्फोटात 1864 साली आल्फ्रेड नोबेलचा धाकटा भाऊ दगावला. पुढे नोबेलने ते एका मातीत मुरवून सुरुंगाची दारू केली. तेच 1867 मधले डायनामाइट.

त्याच साली ब्रंटन नावाच्या डॉक्टराने अमिल नायट्राइट हुंगवून छातीची कळ थांबवली. 1879 साली लंडनच्या मरेल यांनी अगदी पातळ केलेले नायट्रोग्लिसरीन याच दुखण्यावर वापरले. गंमत बघा, 1896 साली खुद्द नोबेलला डॉक्टरांनी हेच औषध लिहून दिले! गुण यायचा, पण का येतो, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

त्याचा उलगडा अमेरिकेत झाला. 1977 साली मुराड यांनी दाखवले, की या औषधातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो आणि वाहिनीचा स्नायू सैल पडतो. मोटारीच्या धुरातला हा वायू! तो शरीर स्वतः बनवत असेल, असे कोणाच्या मनात येणार?

तिकडे न्यूयॉर्कला फर्चगॉट सशाच्या वाहिनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करीत होते. एक औषध घातले की पट्टी आवळायची. 1978 साली साहाय्यकाच्या हातून प्रयोगाचा क्रम चुकला आणि पट्टी आवळण्याऐवजी सैल पडली. दुसरा असता तर रागावून मोकळा झाला असता. यांनी कारण शोधले. पट्टी कापताना आतले नाजूक अस्तर घासून निघत होते. या खेपेला ते शाबूत राहिले होते. मग त्यांनी घासलेल्या पट्टीला अस्तराची पट्टी चिकटवली, तर घासलेलीही सैल पडली. म्हणजे अस्तरातून काही निरोप जात होता. हे 1980 साली प्रसिद्ध झाले. तो निरोप म्हणजे तोच वायू, असे फर्चगॉट आणि इग्नारो यांनी 1986 साली मांडले. 1998 साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. डायनामाइटच्या पैशातून उभे राहिलेले पारितोषिक, तेही त्याच रसायनाचे कोडे उलगडल्याबद्दल!

तर आपला पाटकरी म्हणजे हे अस्तर. रक्ताचा ओघ वाढला, की त्याच्या घर्षणाने ते वायू सोडते आणि वाट रुंद करते. वायू काही सेकंदच टिकतो, म्हणून तो सतत बनावा लागतो. तंबाखू, विडी, वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह या अस्तराला दुबळे करतात. रोजच्या चालण्याने ते कार्यक्षम राहते.

जिभेखाली ठेवायची गोळी याच घराण्यातली. ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये, शेजाऱ्याची तर मुळीच नाही. रक्तदाब एकदम उतरतो. आणि छातीत कळ येऊन थांबेना, तर घरी वाट न बघता दवाखाना गाठावा. शिक्षक मंडळींनी एवढे तरी मुलांना जरूर सांगावे.